अशिलाची खुर्ची

बाई वर्गात शिकवत नसत. समुपदेशकाने पाळायचे नीतिनियम हा त्यांचा विषय, आणि तारनाक्याच्या आमच्या छोट्या संस्थेत दर शनिवारी दुपारी त्यांचा तास असे. पण बाई सांगताहेत आणि आम्ही माना खाली घालून लिहून घेतोय, असं वर्षभरात एकदाही घडलं नाही. सांगायचं ते त्या बुधवारी घरून सांगत. मलकपेठेतल्या आपल्या स्वयंपाकघरात बसून फोनवर बोलायच्या, ते रेकॉर्ड करून आम्हा सगळ्यांना पाठवायच्या. मागे कुकरची शिट्टी, मध्येच दारावरच्या भाजीवालीशी तेलुगूत दोन वाक्यं, आणि मग "हां, तर आपण कुठे होतो?" म्हणून पुन्हा गोपनीयता, संमती, मर्यादा. ते आम्ही घरी ऐकायचं आणि शनिवारी यायचं.

मी पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे हैदराबादला आले, मुलगा शिकायला बाहेर गेला, घर खायला उठलं, म्हणून समुपदेशनाच्या या पदविकेला नाव घातलं. पहिल्या शनिवारी कोरी वही उघडून, पेन सरसावून पहिल्या रांगेत बसले होते. बुधवारी फोनवर आलेलं ते बोलणं मी ऐकलंच नव्हतं, म्हटलं वर्गात सांगतीलच. बाई आल्या, खुर्चीवर बसल्या आणि आमच्याकडे बघत राहिल्या. शेवटी मीच विचारलं, मॅडम, लेक्चर कधी सुरू होणार? "ते झालं ना," बाई म्हणाल्या, "बुधवारी." मग पर्समधून स्वतःचे इयरफोन काढून त्यांनी माझ्या हातात ठेवले आणि गॅलरीतलं स्टूल दाखवलं. ऐकून या, आम्ही थांबतो, म्हणाल्या. मला वाटलं, बोलण्याची एक पद्धत. पण त्या खरंच थांबल्या. अख्खा वर्ग शांत बसून राहिला आणि मी गॅलरीत लाल कानांनी बाईंच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत होते. त्यानंतर एकही बुधवार मी चुकवला नाही.

हे उलटं शिकवणं कशासाठी, असं मी त्यांना एकदा जरा फणकाऱ्यानेच विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "नियम पाठ करायला दुसरं माणूस लागत नाही. तो मोडायचा मोह कुठे होतो, हे कळायला दुसरं माणूस लागतं." आणि खालच्या टपरीवर चहा प्यायला चला म्हणाल्या.

बाई अस्सल हैदराबादी. तीन पिढ्या इथल्या. आजोबा सरकारी नोकरीत, वडील वकील, स्वतः बाईंची हयात महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवण्यात गेलेली. नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी मृणाल, लग्न करून कॅनडात. घरात बाई आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळी गल्ली दादासाहेब म्हणे. वर्ग हिंदी, तेलुगू आणि इंग्रजी अशा खिचडीत चाले, पण माझ्याशी त्या मराठी बोलत. "हौ" आणि "नक्को" त्या मराठीत बिनदिक्कत येऊन बसत. "जरा सबर करा हो, उगीच परेशान होता तुम्ही," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की माझे पुणेरी कान शेवटी शरण गेले. क्लायंट हा शब्द मात्र त्यांना आवडत नसे. त्या वकिलाच्या मुलीसारखं 'अशील' म्हणायच्या. त्यांचं ऐकून वर्गातली तेलुगू मुलंसुद्धा अशील म्हणू लागली.

वडिलांची एक गोष्ट त्या नेहमी सांगत. अफझलगंजला त्यांची वकिलीची खोली होती. लहानपणी बाई त्यांच्याबरोबर बाजारातून चालायच्या, तर ओळखीची माणसं समोरून आली तरी वडील सरळ बघत पुढे जायचे. मुलीला वाटे, बाबा भारी शिष्ट आहेत. मोठेपणी कळलं, की वकिलाने रस्त्यात एखाद्याला ओळख दिली तर बघणाऱ्यांना कळतं, या माणसाचा काहीतरी मामला आहे. ओळख द्यायची की नाही, हे अशिलाने ठरवायचं. बाईंनी तेच उचललं होतं. त्यांच्याकडे कधीकाळी समुपदेशनासाठी येऊन गेलेलं माणूस बाजारात दिसलं की बाई त्याच्या आरपार बघून भोपळ्याचा भाव विचारत. मलकपेठेत निम्मी माणसं त्यांना गर्विष्ठ समजायची. त्याचं बाईंना काही वाटत नसे.

वर्गाच्या मधोमध दोन खुर्च्या समोरासमोर ठेवलेल्या असत. एक समुपदेशकाची, एक अशिलाची. समुपदेशकाच्या खुर्चीत दर शनिवारी आमच्यापैकी एकजण बसे. अशिलाची खुर्ची मात्र बाईंची. त्यात बसल्या की त्या बाई नसत, त्यांना मॅडम म्हणायचं नाही असा दंडक होता. एका शनिवारी त्या नापास झालेला मुलगा असत, दुसऱ्या शनिवारी सासूने छळलेली सून, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी तीच सासू. वेश नाही, सोंग नाही. पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला की सून आणि कमरेला खोचला की सासू. आम्ही बघतच राहायचो.

मी पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले तेव्हा बाई नोकरी सोडावी की नाही अशा पेचात सापडलेली एक तरुण मुलगी होत्या. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी तिला नोकरी सोडू नकोस असं सांगून टाकलं, वर कारणंही दिली. बाई उठल्या आणि चालू लागल्या. जिना उतरून खाली गेल्या आणि टपरीवर चहा पिऊन आल्या. तोवर मी रिकाम्या खुर्चीसमोर बसलेली. परत आल्यावर म्हणाल्या, "तुम्ही उत्तर देऊन टाकलंत. मग मी बसू कशाला?" बोलण्याचा मला जन्मजात सोस आहे. तो गेला असं म्हणवत नाही, पण त्या दिवसापासून आवरता येतो.

आमच्यातली उजवी विद्यार्थिनी म्हणजे शहनाझ. शाळेत शिकवायची, तीही मलकपेठेचीच. अशिलाकडून भेट घ्यावी का, हा त्या आठवड्याचा धडा होता आणि बाईंनी खुर्चीत बसून तिच्यापुढे मिठाईचा खराखुरा डबा धरला. शहनाझने आभार मानले, डबा उघडला आणि एक तुकडा तोंडात टाकला. वर्ग गार. "भूख लगी थी मेरे को," ती म्हणाली. बाई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग उरलेला सगळा तास आम्ही त्या एका तुकड्यावर वाद घातला.

तिसरे रावगारू, गारू म्हणजे तेलुगूतलं साहेब. रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आमच्यात वयाने थोरले. एका शनिवारची गंमत त्यांनी घरी बायकोला सांगितली, आणि कौतुकाने बाईंनाही तसं कळवलं. बाईंचा चेहरा उतरला. रावगारू म्हणाले, पण मॅडम, ते माणूस तर तुम्ही रचलेलं होतं. बाई म्हणाल्या, "माणूस रचलेलं असेल. बोलून टाकायची सवय खरी लागते." तेव्हापासून कायदाच झाला, की त्या खुर्चीत जे बोललं जाईल ते खोलीच्या बाहेर जाणार नाही.

तरी मी आज हे लिहिते आहे, ते मृणालला विचारून. नावं बदलली आहेतच. ती बदलली नसती तर बाईंनी मला पुन्हा गॅलरीतल्या स्टुलावर बसवलं असतं.

संक्रांतीच्या सुमाराला बाईंना कॅन्सर असल्याचं कळलं. स्वादुपिंडाचा, आणि पसरलेला. हातात फार महिने नाहीत हे डॉक्टरांनी त्यांना आणि दादासाहेबांना स्पष्ट सांगितलं होतं. मृणाल तेव्हा गरोदर होती, चौथा महिना. आधीचं एक मूल तिने सहाव्या महिन्यात गमावलं होतं. या खेपेला तिला विमानप्रवास मना होता आणि तिच्या मनावर कसलाही ताण येऊ द्यायचा नाही असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंनी ठरवलं, बाळ सुखरूप होईपर्यंत मुलीला कळू द्यायचं नाही. दादासाहेबांकडून तसं वचन घेतलं. मुलीचा फोन रोज यायचा, आणि बाई रोज तिला भाजी काय केली ते सांगायच्या. आम्हाला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं.

त्या दिवसांत मला त्या एकदा दिसल्याही. सासूबाईंचे डोळे दाखवायला मी एका मोठ्या इस्पितळात गेले होते. खालच्या लांबलचक व्हरांड्यात बाई बाकावर बसलेल्या, मांडीवर पिशवी. मी हात वर करणार तोच त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर सरळ माझ्या आरपार पुढे नेली. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की बाई इथे कुणा अशिलासाठी आल्या आहेत. त्यांच्या वडिलांचा नियम मीही पाळला. सासूबाईंचा हात धरला आणि बाईंच्या अंगावरून अनोळखी बाईसारखी निघून गेले. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मी आता खरी समुपदेशक व्हायला लागले.

उन्हाळा तापायला लागला होता तेव्हाचा तो शनिवार. त्या बुधवारचं रेकॉर्डिंग नेहमीपेक्षा छोटं होतं. अशिलाचं गुपित आणि अशिलाचं घर, असा विषय. शेवटी म्हणाल्या होत्या की माणूस बोलता बोलता गप्प झालं तर त्याला ढकलू नका, ते कुठेतरी गेलेलं असतं, येईल परत. समुपदेशकाच्या खुर्चीत शहनाझ होती. बाई समोर येऊन बसल्या. त्या दिवशी पदर खोचला नाही की ओढला नाही. म्हणाल्या, मी एक विधवा बाई, बँकेतून निवृत्त. मला मोठं दुखणं आहे, मी जगणार नाही. मुलगी परदेशात, पोटुशी. तिला सांगायचं नाही असं ठरवलंय, आणि रोज फोनवर खोटं बोलते.

बाईंची मुलगी परदेशात आहे हे आम्हाला ठाऊक होतं. पण हैदराबादेत कुणाची मुलगी परदेशात नाही? सून झाल्या तेव्हाही आम्ही त्यांना सासू शोधत फिरलो नव्हतो. शिवाय आम्ही सगळे शहनाझकडे बघत होतो. ती किती नेमकं करतेय, कुठे चुकतेय, हे टिपून घेत होतो.

शहनाझने तोडीस तोड काम केलं. तिने सल्ला दिला नाही, घाबरवलं नाही. गुपित तुमचं आहे, ते माझ्याकडे राहील, म्हणाली. मग थोडा विचार करून विचारलं, "लेकिन कब तक छुपाना बोल रहे आप?"

"बच्चा उसके हाथ में आने तक," बाई म्हणाल्या. "उसके बाद कोई भी बोल दो उसको."

"और अभी, इस वक्त, बेटी यहाँ बैठी होती तो क्या बोलते?"

बाई गप्प झाल्या. शहनाझने ढकललं नाही. बुधवारी ऐकलेलं शनिवारी किती छान जमतंय, याचं मला मनातून कौतुक वाटत होतं. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "बोलती कायकू? सर को तेल लगाती उसके. बचपन में भागती थी, बैठतीच नहीं थी. अब बैठती शायद."

तास संपला. आमच्या वर्गात टाळ्या वाजवायची पद्धत नव्हती. त्या दिवशी मात्र रावगारूंनी सुरुवात केली आणि आम्ही सगळ्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. बाईंनी हसून हात जोडले. शहनाझला म्हणाल्या, कधीपर्यंत, हा प्रश्न मी रेकॉर्डिंगमध्ये सांगितलाच नव्हता, चांगला विचारलास. मग चहा नको म्हणाल्या आणि रिक्षा बोलावून निघून गेल्या. त्या बसने यायच्या-जायच्या, तेवढी रिक्षा माझ्या लक्षात राहिली.

त्यानंतर त्या दोनदाच आल्या. एका संध्याकाळी उरलेल्या सगळ्या धड्यांची रेकॉर्डिंग एकदम पाठवून दिली. आम्ही म्हटलं, मॅडम सुट्टीवर चालल्या वाटतं. आणि जूनमध्ये संस्थेतून फोन आला. बाळ व्हायला थोडेच दिवस उरले होते आणि बाई तेवढ्या थांबू शकल्या नाहीत. दादासाहेबांनी जावयाला कळवलं, जावयाने मृणालला. तिच्या वाट्याला आलं ते असं, एकदम. बाळ सुखरूप झालं. मुलगी. पण बाईंनी ज्यासाठी तोंड शिवून एवढी तपश्चर्या केली, तो ताण मुलीला चुकला नाही, आणि निरोपही मिळाला नाही. हे आठवलं की मला अजून बाईंचा राग येतो, आणि मग रडू येतं.

तेराव्याला दादासाहेबांच्या समोर बसलो तेव्हा आम्हाला बाईंच्या दुखण्याच्या तारखा कळल्या. बाहेर आल्यावर रावगारू रस्त्यातच थांबून म्हणाले, मी आधी टाळी वाजवली.

बाईंचे सगळे धडे माझ्या फोनमध्ये आहेत. दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाचं शिकवणं त्याच्याबरोबर गेलं असतं, बाईंचं सगळंच्या सगळं राहिलं. पण त्या वर्गात येऊन बोलत नसत, ऐकत असत. ते ऐकणं कुणाला रेकॉर्ड करता आलं नाही. बोलणाऱ्या बाई हव्या तेव्हा मिळतात. मला ज्या हव्या आहेत त्या मिळत नाहीत.

थंडीत मृणाल बाळाला घेऊन मलकपेठेला आली. दादासाहेबांनी पाठवून दिलेल्या आईच्या फोनमध्ये तिला आमचा ग्रुप सापडला होता. सगळे धडे तिने कॅनडात ऐकले होते, बाळाला पाजताना. तिने निरोप पाठवला, की आईने तुम्हाला माझ्याबद्दल कधी काही सांगितलं होतं का, मला भेटायचं आहे. आम्ही तिघं संस्थेतल्या त्या खोलीत जमलो. अशिलाच्या खुर्चीत कुणीच बसलं नाही. रावगारूंचं म्हणणं, खुर्चीतलं बोलणं बाहेर न्यायचं नाही हा बाईंचा कायदा, आणि माणूस गेलं म्हणून तो संपत नाही. मी म्हटलं, पण आपण तर ते खोटं समजून ऐकलं. ते म्हणाले, आता खरं आहे हे कळलं ना, मग आता जास्तच लागू. शहनाझ म्हणाली, "मैं पूछी थी, कब तक. उनो बोले, बच्चा हाथ में आने तक. आ गया बच्चा."

वाद तिथेच संपला.

मलकपेठेच्या घरी बाळ दिवाणावर झोपलं होतं. मृणाल हुबेहूब बाई, फक्त केस कापलेले. शहनाझ तिच्याजवळ बसली आणि तिने सगळं सांगितलं. विधवा बाई, बँक, रोजचं खोटं. मग तेल. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. मृणालने आपला हात डोक्यावर नेला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला. आम्ही ढकललं नाही.

मग तिने विचारलं, "तिने एवढं सांगितल्यावर तुम्ही काय केलंत?"

शहनाझ माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, टाळ्या वाजवल्या. आम्हाला वाटलं, बाईंनी फार सुंदर काम केलं.

मला वाटलं ती आता आम्हाला घालवून देईल. पण तिने मान हलवली.

"मला माहीत आहे ते," ती म्हणाली. "त्या दिवशी तिने मला फोनवर सांगितलं होतं. म्हणाली, आज सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या माझ्यासाठी. मी म्हटलं, असं काय केलंस? म्हणाली, एका आईचं काम केलं. मी म्हटलं, त्यात काय, ते तर तुला येतंच. माझी बस आली होती, म्हणून मी फोन ठेवला."